डॉक्टरांची पुढची शाळा



आजचा विषय दिवाणखान्यांत काढण्यासारखा नाहीं, हें मी जाणून आहें. मूत्राशयाचें दुखणें आपल्याकडे सोसलें जातें, सांगितलें जात नाहीं. सासू तें सुनेपासून लपविते, सून सासूपासून. आणि पुरुष डॉक्टरांपुढें बसल्यावरही गुडघ्यापासून आरंभ करून, निघतां निघतां दारांत उभा राहून, "आणखी एक विचारायचें होतें" असें म्हणतो. नभोवाणीची मात्र एक सोय आहे. येथें बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचें तोंड दिसत नाहीं आणि ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचें, त्यामुळें दोघांचाही संकोच निभावतो.

मी वैद्य नव्हें. मॅट्रिक झालेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. छत्तीस वर्षें मुलांना शिकविण्यांत गेलीं आणि तेवढ्या काळांत अभ्यासक्रम कितीतरी वेळां बदलला. दर बदलाच्या वेळीं आम्हां शिक्षकांना सुट्टींत प्रशिक्षणाला बोलावीत. आम्ही कुरकुरत जात असूं, कांहीं शिकत असूं आणि कांहीं वेळ डुलक्याही घेत असूं. त्यामुळें पदवी घेऊन बाहेर पडलेल्या डॉक्टरांना पुढें कोण शिकवितो, केव्हां शिकवितो आणि त्या शिकण्याचा रोग्याच्या पदरांत काय लाभ पडतो, हा प्रश्न मला शिक्षकाचा प्रश्न वाटत आला आहे. सगळ्या वैद्यकशास्त्राच्या बाबतींत त्याचें उत्तर देणें माझ्या आवांक्याबाहेरचें आहे. म्हणून मीं एकच अवयव निवडला आहे, तो म्हणजे मूत्राशय. आणि त्यांतही महिनेन् महिने, कधीं वर्षानुवर्षें रेंगाळणारे त्याचे विकार.

मूत्राशय म्हणजे स्नायूंची एक पिशवी. मूत्रपिंडांतून थेंबथेंब उतरणारें मूत्र तींत सांठतें. निरोगी प्रौढ माणसाच्या मूत्राशयांत सामान्यतः ३०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावतें. त्याच्या पुष्कळ अगोदर पहिली जाणीव होते. पण ती अशी सभ्य असते कीं माणूस हातांतलें काम संपवून सावकाश उठूं शकतो. जागेपणीं सहा-सात वेळां व रात्रीं फार तर एकदां, असा साधारण हिशेब आहे. हाच हिशेब पंधरा-वीस वेळांवर गेला म्हणजे काय होत असेल, याची श्रोत्यांनीं कल्पना करावी. एस्. टी.चा प्रवास बंद होतो, लग्नकार्य बंद होतें, नाटक-चित्रपट बंद होतो, झोंपेचे तुकडे होतात. आणि हें सारें कोणाला न सांगतां करावयाचें असल्यामुळें रोजच्या रोज नवीन सबब शोधावी लागते.

अशी तक्रार घेऊन रोगी गेला म्हणजे पहिला तर्क जंतुसंसर्गाचा होतो, आणि तो योग्यच आहे. कारण तोच सर्वांत अधिक आढळणारा. परंतु जंतु नसतांनाही ही तक्रार राहूं शकते. एका विकारांत मूत्राशयाचा स्नायु अवेळीं आकुंचन पावतो, एकाएकीं अनावर घाई होते आणि कधीं वाटेंतच वस्त्र भिजतें. यास मूत्राशयाची अतिक्रियाशीलता म्हणतात. दुसऱ्या विकारांत घाईपेक्षां वेदना मुख्य असते. मूत्राशय भरत जातो तशी ओटीपोटांतील कळ वाढत जाते, आणि तो रिकामा झाला कीं कांहीं वेळ उतरते. याचें जुनें इंग्रजी नांव 'इंटरस्टिशियल सिस्टायटिस'. अलीकडे 'वेदनायुक्त मूत्राशय' अशा अर्थाचें नांव त्यास जोडून वापरतात. पहिल्या प्रकारचा रोगी धांवतो तो वस्त्र भिजेल या भयानें, दुसऱ्या प्रकारचा धांवतो तो कळ असह्य होईल या भयानें. दोघेही धांवतात, आणि दारांतून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात. भेद ओळखावयाचा तर "आपण का धांवतां?" असा साधा प्रश्न विचारून उत्तर संपेपर्यंत थांबावें लागतें. गर्दीच्या दवाखान्यांत एवढें थांबणें हीच महाग वस्तु आहे.

या दुसऱ्या, वेदनेच्या विकाराचा इतिहास शिक्षकानें मुद्दाम वाचावा असा आहे, कारण पाठ्यपुस्तकांतील धडा चुकला म्हणजे काय होतें तें त्यांत स्पष्ट दिसतें. ब्रुकलीनचे स्त्रीरोगतज्ज्ञ अलेक्झांडर स्कीन यांनीं १८८७ सालीं या रोगाचें नांव ग्रंथांत घातलें. पुढें बाल्टिमोरचे डॉक्टर गाय हन्नर यांनीं १९१५ सालीं स्त्रियांच्या मूत्राशयांत आढळणाऱ्या एका विरळ प्रकारच्या व्रणाचें वर्णन प्रसिद्ध केलें. वर्णन खरें होतें. तसा व्रण आजही कांहीं रोग्यांत दिसतो आणि त्याला हन्नर यांचेंच नांव आहे. पण शिकविण्याच्या ओघांत व्रण आणि रोग हे एकच होऊन बसले. दुर्बिणीनें आंत पाहावें, व्रण दिसला तर रोग आहे, दिसला नाहीं तर बाईच्या मनांत कांहींतरी आहे, असा सरधोपट नियम झाला. साठ-पासष्ट वर्षें हा नियम चालला. १९७८ सालीं मेसिंग व स्टॅमी या अमेरिकन डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं व्रण नसलेलेही असे रोगी पुष्कळ असतात. त्यांच्या मूत्राशयांत भूल देऊन पाणी भरलें आणि काढून घेतलें कीं आंतल्या अस्तरावर रक्ताचे बारीक ठिपके उमटतात.

मग काय, ठिपके हीच नवी खूण झाली. ती किती पक्की होती? १९९८ सालीं कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठीं आलेल्या, मूत्राशयाची कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांना तशीच भूल देऊन तपासलें, तों त्यांच्याही मूत्राशयांत तेच ठिपके आढळले!

दरम्यान आणखी एक गोष्ट घडली. १९८७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें तज्ज्ञांची बैठक भरविली आणि संशोधनासाठीं रोगी कसे निवडावेत याचे कडक निकष ठरविले. निरनिराळ्या गांवच्या संशोधकांनीं एकाच तऱ्हेचे रोगी अभ्यासावेत म्हणजे निष्कर्षांची तुलना करतां येईल, एवढाच त्यांचा हेतु होता. परंतु तेच निकष रोजच्या दवाखान्यांत निदानासाठीं वापरले जाऊं लागले. आम्हां मास्तरांच्या भाषेंत सांगावयाचें तर शिष्यवृत्ति परीक्षेचा पेपर वार्षिक परीक्षेला लावून, जो त्यांत बसला नाहीं त्याला नापास ठरविण्यासारखें हें झालें. १९९९ सालीं संशोधकांनींच हिशेब मांडून दाखविला कीं, अनुभवी तज्ज्ञांच्या मतें ज्यांना हा रोग निश्चित किंवा बहुतेक होता, अशांपैकीं शेंकडा ६० हून अधिक रोगी या कडक निकषांत बसलेच नसते.

त्या नापासांचें काय झालें असेल? त्यांना विश्रांतीचा सल्ला मिळाला, झोंपेच्या गोळ्या मिळाल्या, लग्न करा किंवा मूल होऊं द्या असाही उपदेश मिळाला. अमेरिकेंतील व्हिकी रॅटनर या डॉक्टरबाईंना स्वतःलाच हा विकार होता. वैद्यकीचें शिक्षण जवळ असूनही आपलें दुखणें खरें आहे हें पटवितांना त्यांना फार यातायात पडली, आणि त्यांनीं १९८४ सालीं अशा रोग्यांची एक संघटना उभी केली. वर सांगितलेली सरकारी बैठक त्यानंतर तीन वर्षांनीं झाली, हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. डॉक्टरांच्या शाळेंत कधीं कधीं रोग्यालाच घंटा वाजवावी लागते.

असो. इतक्या लांब जाण्याचें कारण नाहीं. माझ्या धाकट्या बहिणीची हकीकत तिच्या संमतीनें सांगतों. ती प्राथमिक शाळेंत शिक्षिका होती. तेथें बायकांसाठीं नीट शौचगृह नसल्यामुळें सकाळीं सातपासून दुपारीं एकपर्यंत पाण्याचा घोटही घ्यावयाचा नाहीं अशी संवय तिनें लावून घेतली होती. तिच्या सहकारिणींचीही तीच रीत. चाळिशीच्या सुमारास तिला ओटीपोटांत जळजळ व वारंवार लघवीची तक्रार सुरू झाली. नऊ वर्षांत पांच डॉक्टर झाले. प्रत्येकानें अँटिबायोटिक दिलें. चार दिवस उतार पडल्यासारखें वाटे, पुन्हां पहिले पाढे. लघवीचें कल्चर सहा वेळां झालें आणि सहाही अहवालांवर 'जंतूंची वाढ नाहीं' हेच शब्द होते. प्रत्येक डॉक्टरांनीं आपल्यापुढचा एकच कागद पाहिला. सहा कागद एकाशेजारीं एक मांडून पाहण्याची वेळच आली नाहीं. एकानें तर तिच्या यजमानांना बाजूला घेऊन, "बाईंचें मन कशांत तरी रमवा," असें सुचविलें. बाई त्या वेळीं चौथीच्या बावन्न मुलांत सकाळपासून रमलेली असे!

शेवटीं तालुक्याच्या गांवांतील एका तरुण डॉक्टरानें तिला औषध न देतां एक वही आणायला सांगितलें. तीन दिवस, चोवीसही तास, प्रत्येक वेळीं मापाच्या भांड्यांत मोजून किती लघवी झाली, तेव्हां कळ किती होती आणि त्याआधीं काय प्यायलें, तें लिहावयाचें. वही भरून गेली तेव्हां दिसलें कीं दिवस-रात्र मिळून एकोणीस वेळां, आणि दर वेळीं अवघे ८० मिलिलिटरच्या आसपास. कळेच्या रकान्यांत भरतांना 'फार' आणि नंतर 'थोडी', हें ओळीनें तीन दिवस. नऊ वर्षांत जें कोणी वाचलें नव्हतें तें त्या चार पानांत होतें.

पण त्या डॉक्टरानें तेवढ्यावर रोगाचें नांव उच्चारलें नाहीं, हें मला त्याच्या वही मागण्याइतकेंच महत्त्वाचें वाटतें. कल्चरमध्यें जंतु वाढले नाहींत याचा अर्थ जंतु नाहींतच असा होत नाहीं. आपल्या देशांत क्षयाचा संशय आधीं घ्यावा लागतो. मूत्रपिंडाचा क्षय मूत्राशयांत उतरतो, लघवींत पूपेशी दिसतात, साध्या कल्चरमध्यें मात्र कांहीं वाढत नाहीं. उशीर झाला तर मूत्राशय आकसून लहान होतो. त्यासाठीं लघवीची निराळी तपासणी करावी लागते. त्यानें ती करविली. मुतखडा आहे कीं काय, लघवीनंतर मूत्राशयांत कांहीं शिल्लक राहतें कीं काय, मधुमेह आहे कीं काय, तेंही पाहिलें. आणि मग शहरांतील तज्ज्ञाकडे दुर्बिणीच्या तपासणीसाठीं पाठविलें. व्रण नव्हता, गांठ नव्हती. मग त्यानें रोगाचें नांव सांगितलें. त्या दिवशीं माझी बहीण दवाखान्यांतच रडली. "म्हणजे मला वेड लागलेलें नाहीं ना?" एवढेंच तिनें विचारलें.

आज ती संपूर्ण बरी झाली आहे असें मी म्हणणार नाहीं. रात्रीं सहा-सात वेळां उठणारी ती आतां दोनदां उठते, आणि गेल्या वर्षीं भाचीच्या लग्नाला नागपूरपर्यंत रेल्वेनें जाऊन आली. चहा मात्र सुटला, त्याचें दुःख ती अजून बोलून दाखविते.

त्या डॉक्टराला हें कोठें समजलें? महाविद्यालयांत त्यानें या रोगावर अर्धें पान वाचलें होतें, असें तो म्हणाला. बाकीचें एका निरंतर शिक्षणाच्या सभेंत ऐकलें. तेथें त्यानें जें ऐकलें असेल, त्याचा गाभा आज छापील मार्गदर्शक सूत्रांत कोणालाही वाचतां येतो. अमेरिकेंतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनें हीं सूत्रें २०११ सालीं काढलीं, २०१४ सालीं व पुन्हां २०२२ सालीं सुधारलीं. त्यांत व्रणाची किंवा ठिपक्यांची अट नाहीं. मूत्राशयाशीं निगडित वाटणारी वेदना, दाब किंवा अस्वस्थता सहा आठवड्यांहून अधिक काळ असावी, जोडीला लघवीच्या तक्रारी असाव्यात, आणि संसर्ग किंवा दुसरें स्पष्ट कारण नसावें, एवढ्यावर निदान होतें. साध्या रोग्याला दुर्बीण आवश्यक नाहीं; मात्र हन्नरच्या व्रणाचा संशय आला तर ती घातलीच पाहिजे, कारण व्रण सांपडला तर तो जाळून किंवा त्यांत औषध टोंचून चांगला आराम पडतो. म्हणजे १९१५ सालचें निरीक्षण टाकून दिलें नाहीं, त्याची जागा बदलली. दीर्घकाळ अँटिबायोटिक देऊं नये, असेंही या सूत्रांत स्वच्छ लिहिलें आहे. माझ्या बहिणीच्या नऊ वर्षांत तेंच सर्वांत अधिक झालें होतें.

उपचारांविषयीं एक गोष्ट विस्तारानें सांगावीशी वाटते. लघवीची तक्रार म्हटली कीं ओटीपोटाच्या तळाचे स्नायु आंवळण्याचे व्यायाम सांगण्याचा प्रघात आहे. त्यांना केगल यांचे व्यायाम म्हणतात. अनावर घाई व गळती असलेल्या रोग्याला त्यांचा खरोखर उपयोग होतो. परंतु वेदनायुक्त मूत्राशयांत पुष्कळदां हे स्नायु अगोदरच ताठरलेले, आंवळून बसलेले असतात. त्यांना आणखी आंवळावयास सांगितलें तर दुखणें वाढतें. तेथें ते सैल करावयास शिकवावें लागतें, आणि तें काम तयारीच्या फिजिओथेरपिस्टचें आहे. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ८१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला या विशिष्ट स्नायूंवर उपचार मिळाले, दुसऱ्याला सर्वांगाचें साधें मर्दन. पहिल्या गटांतील शेंकडा ५९ स्त्रियांना लक्षणीय आराम पडला, दुसऱ्यांतील शेंकडा २६ स्त्रियांना. दोन तक्रारी वरून सारख्या, आणि एकीचा व्यायाम दुसरीला अपायकारक! निदानाचा भेद कागदावरचा नसतो तो असा.

बाकीचे उपचार थोडक्यांत सांगतों. त्रास देणारे पदार्थ एकेक करून पारखणें, मूत्राशयाला हळूहळू अधिक वेळ थांबावयाची संवय लावणें, अल्प मात्रेंत ॲमिट्रिप्टिलिनसारखें वेदनेचें औषध, नळीनें मूत्राशयांत औषध सोडणें, असे अनेक मार्ग आहेत आणि कोणताही एक सर्वांना लागू पडत नाहीं. २०२२ च्या आवृत्तींत पहिली पायरी, दुसरी पायरी अशी उपचारांची शिडीच काढून टाकली आहे. डॉक्टरांनीं आणि रोग्यांनीं मिळून ठरवावें असें म्हटलें आहे. हें शिक्षणाच्या दृष्टीनें अवघड आहे. शिडी पाठ करून घेतां येते. विचारपूस पाठ करून घेतां येत नाहीं.

शिवाय शिकलेलें जुनें होतें, तें वेगळेंच. पेंटोसान पॉलिसल्फेट नांवाचें पोटांत घ्यावयाचें औषध या रोगासाठीं अमेरिकेंत १९९६ सालीं मंजूर झालें आणि वर्षानुवर्षें दिलें गेलें. २०१८ सालीं अटलांटा येथील नेत्रतज्ज्ञांनीं तें दीर्घकाळ घेतलेल्या सहा रोग्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर एक विशिष्ट विकृति झाल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें इतरांनाही तसें आढळलें, आणि २०२० सालीं औषधाच्या माहितीपत्रकावर तशी सूचना घालण्यांत आली. मूत्राशयाच्या औषधाचा दोष नेत्रतज्ज्ञानें पकडला! २०१७ सालीं उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरला ही गोष्ट त्याच्या पुस्तकांतून कळणें शक्यच नव्हतें. आज हें औषध द्यावयाचें तर रोग्याला ही जोखीम सांगावी आणि डोळे तपासून घ्यावेत, असें शिकवितात. अतिक्रियाशील मूत्राशयासाठीं दिल्या जाणाऱ्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या जुन्या औषधांचेंही तसेंच. २०१५ पासून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत, अशा वर्गाचीं औषधें पुष्कळ वर्षें घेतलेल्या वृद्धांत स्मृतिभ्रंशाचें प्रमाण अधिक दिसलें. औषधामुळेंच तो झाला असें यावरून सिद्ध होत नाहीं. तरी माझ्या वयाच्या माणसाला तें लिहून देण्यापूर्वीं डॉक्टरांनीं दुसरा पर्याय आठवावा, इतकें त्यांत नक्कीच आहे.

आतां या शाळेची घडण पाहूं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांत डॉक्टरांनीं दर पांच वर्षांत निदान ३० तास निरंतर शिक्षणाच्या सभांना हजर राहावें, असें नमूद आहे. महाराष्ट्रांत नोंदणीच्या नूतनीकरणासाठीं त्याचे गुण, म्हणजे क्रेडिट पॉइंट, जमवावे लागतात. तीस तास म्हणजे वर्षाला सहा तास. आमच्या शाळेंत चित्रकलेला याहून अधिक तास मिळत. पण तासांची संख्या ही मला मुख्य अडचण वाटत नाहीं. माझा एक पुतण्या डॉक्टर आहे. त्याच्याबरोबर अशा एका सभेला मी मागच्या रांगेंत जाऊन बसलों होतों. सकाळीं तीन व्याख्यानें झालीं. पडद्यावर इतक्या बारीक अक्षरांत इतका मजकूर होता कीं फळ्यावर असें लिहिणाऱ्या मास्तराला तपासनिसानें फैलावर घेतलें असतें. जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. सह्या सकाळींच झाल्या होत्या. बाहेर औषधांच्या कंपन्यांचीं मेजें मांडलेलीं होतीं, आणि तेथें गर्दी बरी होती. कंपन्यांकडून भेटवस्तु व प्रवासखर्च घेण्यास डॉक्टरांना २००९ सालच्या दुरुस्तीनें मनाई झाली आहे; तरी कोणत्या औषधावर व्याख्यान ठेवावें हें सुचविण्याची वाट मोकळी राहतेच. वही व मापाचें भांडें विकून कोणत्याही कंपनीला नफा होत नाहीं, म्हणून त्यांच्या वतीनें मेज मांडणारा कोणी नसतो.

मात्र दुपारचा शेवटचा तास वेगळा झाला. व्याख्यात्यांनीं पडदा बंद केला आणि एका रोग्याची हकीकत सांगितली : वय पंचावन्न, गृहस्थ, विडीची संवय, आठ महिने वारंवार लघवी व जळजळ, कल्चरमध्यें जंतु नाहींत. "आतां पुढें काय कराल?" असें त्यांनीं एकेकाला उभें करून विचारलें. कोणी वेदनायुक्त मूत्राशय म्हणालें, कोणी प्रोस्टेट म्हणालें. मागच्या एका वयस्क डॉक्टरांनीं विचारलें, "लघवींत सूक्ष्मदर्शकाखालीं रक्त होतें का?" होतें. दुर्बीण घातली, आणि मूत्राशयाचा कर्करोग निघाला. सभागृह एकदम शांत झालें. मूत्राशयाच्या कर्करोगाचें तंबाखूशीं नातें फार जवळचें आहे, आणि त्याची एक जात केवळ जळजळ व घाई एवढ्याच वेषांत येते. तो तास कोणी विसरेल असें मला वाटत नाहीं. या विषयावर संशोधनही झालें आहे. १९९९ सालीं कॅनडांतील डेव्हिस व त्यांचे सहकारी यांनीं अनेक प्रयोग एकत्र तपासून दाखविलें कीं, नुसत्या व्याख्यानानें डॉक्टरांच्या प्रत्यक्ष कामांत फारसा फरक पडत नाहीं. प्रश्नोत्तरें, सराव, प्रकरणांची चर्चा असेल तर पडतो. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांला हेंच सांगत असत, आणि तेंही व्याख्यान देऊन!

अशा चर्चेंत आपल्या मुलखाचीं प्रकरणें यावींत, असें मला वाटतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी या गांवचें उदाहरण घ्या. गोगलगायींमार्फत पाण्यांतून पसरणारा, मूत्राशयांत अंडीं घालून लघवींतून रक्त पाडणारा एक कृमिरोग इजिप्तचा व आफ्रिकेचा म्हणून पुस्तकांत दिलेला असे. डॉ. गाडगीळ व डॉ. शहा यांनीं १९५२ सालीं त्याचें केंद्र या कोंकणांतल्या गांवीं असल्याचें प्रसिद्ध केलें. पुस्तकांत दुसऱ्या देशाच्या नांवावर घातलेला रोग पुढ्यांत बसलेल्या माणसांत पाहावयाचा, याला निराळी नजर लागते. अलीकडचें उदाहरण म्हणजे केटामीन. नशेसाठीं तें घेणाऱ्या तरुणांचे मूत्राशय आकसून दुखूं लागतात, हें २००७ सालीं कॅनडांतील डॉक्टरांनीं प्रथम लिहिलें. विशीच्या मुलाला ही तक्रार असेल तर डॉक्टरांनीं आईवडिलांना बाहेर बसवून एक प्रश्न विचारला पाहिजे.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं ही तक्रार असेल त्यांच्यासाठीं शेवटीं व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी सांगतों. लघवींत रक्त एकदां जरी दिसलें, दुखत नसलें तरी, थांबूं नका. वही वगैरे नंतर, आधीं डॉक्टर. ताप, थंडी, कंबरेच्या वर बाजूला कळ, किंवा लघवी अजिबात अडणें, यांतही तसेंच. एरव्हीं जुन्या तक्रारीसाठीं जाण्यापूर्वीं तीन दिवसांची वही भरावी. हे तीन दिवस ओळीनें असले तर उत्तम, आणि त्यांत एक सुट्टीचा असावा. चार रकाने पुरतात : वेळ, मोजलेलें माप, कळ किंवा घाई, आणि प्यायलेलें पेय. झोंपायची व उठायची वेळ लिहावी, म्हणजे रात्रीचा हिशेब निराळा काढतां येतो. पूर्वींचे सगळे अहवाल तारखेप्रमाणें लावून एकाच फाइलींत ठेवावेत, आणि चालूं असलेलीं सर्व औषधें, रक्तदाबाचीं, मधुमेहाचीं, झोंपेचीं सुद्धां, एका कागदावर लिहून न्यावींत. भांडें साध्या प्लॅस्टिकचें, मिलिलिटरच्या खुणा असलेलें घ्यावें आणि तें न्हाणीघरांतच ठेवावें. स्वयंपाकघरांतलें आणूं नये, त्यावरून घरांत निराळा तंटा होतो. वहीचीं शेवटचीं दोन पानें कोरीं ठेवावींत, डॉक्टरांना लिहावयाला तीं लागतात.